दगडाच्या रंगाचं लोखंड

पोकाटेलो, आयडाहो
१० नोव्हेंबर १९९६

प्रिय डॉट,

पोचले. मार्लीनं मागची खोली दिली आहे. उबदार आहे, पण बाहेर बघायला शेजाऱ्याचं गॅरेज. "आई, इथे तुला काही दिसू नये म्हणूनच ही खोली दिली," म्हणाली. लेक शहाणी आहे माझी. पण डोळे मिटले की दिसायचं ते दिसतंच.

एक काम सांगायचं होतं. तोंडानंच सांगणार होते, पण तू माझी खोकी ट्रकमध्ये चढवत होतीस, तेव्हा राहून गेलं. रवीच्या सुळक्यावरच्या मेखा काढून टाक. सगळ्या. एकही ठेवू नकोस.

सासरे म्हणायचे, ताकाच्या डेऱ्यात रवी उभी राहावी तसा हा दिसतो. किती पिढ्या आमची गुरं त्याच्या सावलीत बसली, त्यानं कुणाचं काही वाकडं केलं नाही. मग तू आलीस, पहिल्यांदा वर चढलीस आणि उतरायला मेखा ठोकल्यास. माझ्या बॉइडला दोर बांधायलाही तूच शिकवलंस. डॉट, मी तुला दोष देत नाही. कागदावर लिहिते, म्हणजे पुन्हा हा विषय आपल्यात नको. दगड मऊ, वर्षानुवर्षं ऊन-बर्फ खाल्लेला. माथ्यावरच्या दोन्ही मेखा एकदम निसटल्या आणि उतरता उतरता माझं पोर गेलं. यात तुझं काय?

पण आता तिथे कुणी चढायला नको. बॉइडच सांगायचा, वर पोचल्यावर उतरायची सोय नसेल तर कुणी शहाणा चढत नाही. म्हणून सोयच नको. भोकं बुजव. वाळू आणि तुझी ती राळ कालवून तू दगड बनवतेस, ते मी पाहिलंय. फाटकाला कुलूप घातलंय, किल्ली व्हर्ल ओकसनकडे. त्याची गुरं हिवाळाभर आपल्या रानात चरणार आहेत.

तळघरात पीचच्या बरण्या राहिल्यात. डावीकडच्या फळीवरच्या तू ने. चर्चला येत नाहीस ते नाहीसच, निदान नीट जेवत जा.

तुझी
लारूताई

•

स्टब्ज रँच, युटा
२ डिसेंबर १९९६

लारूताई,

काढते.

पण आत्ता नाही. परवापासून बर्फ भुरभुरतंय आणि हा दगड ओला झाला की साखरेसारखा होतो, हे तुला मी सांगायला नको. सुळक्याला हात लावायचा तर पुरता वाळल्यावर. मार्च-एप्रिल उजाडेल. तोवर धीर धर.

तुझ्या घरात रोज जाऊन नळ थोडा सोडून ठेवते, गोठू नये म्हणून. मांजर माझ्या ट्रेलरमध्ये राहायला आलंय. तुझ्याकडे कधी उशीवर झोपायचं नाही, माझ्याकडे डोक्यावर झोपतं. बरण्या नेल्या. पहिली उघडली तेव्हा चमचा हातात घेऊन नुसतीच बसले. बॉइड ह्यातली अर्धी बरणी उभ्या उभ्या संपवायचा आणि रिकामी परत फळीवर ठेवायचा, आणि तू मला ओरडायचीस.

दोष देत नाहीस असं लिहिलंस. ताई, ते वाक्य मी पुष्कळदा वाचलं.

डॉट

•

स्टब्ज रँच
२३ एप्रिल १९९७

लारूताई,

काम झालं. काल संध्याकाळी शेवटचा दोर खाली ओढला.

वाटलं होतं त्याहून जड गेलं. अंगाला नव्हे. माथ्यावर पहिल्यांदा गेले तेव्हा बसूनच राहिले. तिथली एक मेख व्हर्लच्या माणसांनी त्या दिवशी बॉइडच्या दोराबरोबर खालून उचलली होती, दुसरी मला पायथ्याच्या दगडांत सापडली. मधल्या टप्प्यांवरच्या बाकीच्या. काही चिमटीत धरून ओढल्या तरी आल्या, जशी हिरडी सुटलेली दाढ. एक तेवढी अडून बसली, तिच्यावर अर्धा दिवस गेला.

भोकं बुजवली. पायथ्याची वाळू चाळून घेतली, कारण वरचा दगड तांबडा आणि मधला पट्टा पिवळट, एका रंगानं भागत नाही. राळेत कालवून भरलं, वरून कोरडी वाळू दाबली. आता तू खाली उभं राहून दुर्बिणीनं बघितलंस तरी तिथे कधी माणूस गेला होता असं म्हणणार नाहीस. माझ्या हातचं आजवरचं सगळ्यात चांगलं काम आहे, ताई.

जुन्यातली एकही मेख आता त्या दगडात नाही. शपथेवर सांगते. तुला पटावं म्हणून सगळ्या कॉफीच्या डब्यात भरून पोस्टानं पाठवल्या आहेत. पोस्टातली बाई म्हणाली, "हे काय, घोड्याचे नाल का?" मी म्हटलं, तसंच काहीतरी.

जर्दाळूला फुलं आलीत.

डॉट

•

पोकाटेलो
११ मे १९९७

डॉट, माझ्या बाई,

डबा आला. मार्ली म्हणते, "फेकून दे, असलं काय उशाशी घेऊन झोपतेस?" तिला काय कळणार! मी एकेक मेख हातात घेऊन पाहिली. एवढ्याशा काड्या, आणि त्यांच्यावर माझ्या पोराचा भार होता. पण आता त्या माझ्याजवळ आहेत, तिथे नाहीत. सप्टेंबरात बॉइड गेला तेव्हापासून पहिल्यांदा काल रात्रभर झोपले.

रविवारी चर्चमध्ये ज्याला वाटेल त्यानं उठून मनातलं बोलायचं असतं. मी कधी उठत नाही. ह्या वेळी उठले. म्हटलं, माझी एक मैत्रीण आहे, ती देवाला मानत नाही, बियर पिते, तिच्या तोंडी शिव्या असतात. पण ज्या दारातून माझा मुलगा गेला ते दार तिनं एकटीनं वर जाऊन स्वतःच्या हातांनी बंद केलं. आता दुसऱ्या कुठल्या आईचं पोर तिथून जाणार नाही. बायका रडल्या. मी नाही रडले.

आता ऐक. तुझा ट्रेलर उभा आहे तो कोपरा, ओढ्याकाठच्या कॉटनवुडच्या झाडापर्यंतचा, मी तुझ्या नावावर करतेय. वकिलाशी बोलणं झालंय. बावीस वर्षं तू पाहुणी म्हणून राहिलीस, पुरे झालं. माझ्यामागे मार्लीनं जमीन विकली तर तू कुठे जाशील?

लारूताई

•

स्टब्ज रँच
१ जून १९९७

ताई,

जमीन नको. खरंच नको. मी असं काही केलेलं नाही की तू मला जमीन द्यावीस.

चर्चमध्ये माझ्याबद्दल बोलायला नको होतंस.

उकाडा सुरू झालाय. मांजर व्यालं. तीन पिल्लं.

डॉट

•

पोकाटेलो
९ जून १९९७

डॉट,

तू कधी कुणाकडून काही घेतलं आहेस? पहिल्या वर्षी ब्लँकेट दिलं तर कुंपणावर वाळत घालून परत आणून दिलं होतंस. मी ऐकणार नाही. कागद वकिलाकडून येतील, सही कर आणि गप्प बस. मोठ्या बहिणीनं दिलेलं नाकारू नये.

एक पिल्लू व्हर्लच्या बायकोला दे. तिच्या कोठारात उंदीर फार झालेत.

लारूताई

•

पोकाटेलो
६ ऑक्टोबर १९९८

डॉट,

घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

काल रात्री व्हर्लचा फोन आला होता. तुला भेटला का तो? परवा त्याच्या दारात दोघं येऊन उभी राहिली. कोलोरॅडोची मुलगी आणि तिचा जोडीदार, दोघंही चिंब भिजलेली, मुलीच्या गळ्याजवळचं हाड मोडलेलं. म्हणाली, रवीच्या माथ्यावर होतो आणि वादळानं गाठलं. विजा पडत होत्या. त्या पावसात वरून दोरावर उतरली, मध्येच वाऱ्यानं ती कातळावर आपटली.

व्हर्लच्या बायकोनं तिला कोरडे कपडे दिले, सूप दिलं. आणि ती पोरगी तिला काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, "माथ्यावर ज्यानं कुणी लोखंड बसवलंय त्याच्या पाया पडावंसं वाटतं. अंगठ्याएवढे जाड बोल्ट, राळेत घट्ट बसवलेले, आणि कड्या अगदी दगडाच्या रंगाच्या. हात लागेपर्यंत आम्हाला दिसल्याच नाहीत. त्या नसत्या तर आम्ही आज वरच मेलो असतो."

म्हणजे तू काढून आल्यावर कुणीतरी चोरून चढलं आणि नव्या ठोकल्या! माझ्या जमिनीवर, माझ्या कुलपाच्या आत, माझ्या मुलाच्या जागी. तुझे इतके कष्ट मातीत घातले. डॉट, तुझ्या त्या सगळ्या सुळके चढणाऱ्या मंडळींना तू ओळखतेस. कुणाचं काम आहे ते शोधून काढ. मी शेरिफकडे तक्रार देणार आहे, मला फक्त नाव हवं.

मुलगी वाचली याचा आनंदच आहे मला. तिच्या आईला बरं वाटलं असेल.

लारूताई

•

स्टब्ज रँच
१२ ऑक्टोबर १९९८

ताई,

पत्र मिळालं. शेरिफला एवढ्यात काही कळवू नकोस. मी बघते.

तू जिवाला लावून घेऊ नकोस. थंडी सुरू झाली का तिकडे?

डॉट

•

पोकाटेलो
१९ ऑक्टोबर १९९८

श्रीमती ब्रॅनिगन यांस,

तुमचं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं. दोनच ओळींचं होतं. त्यात एकदाही "कोण?" असं नव्हतं. ज्या बाईनं माझ्या अंगणात कुणी सिगारेटचं थोटूक टाकलं तरी त्याच्या सात पिढ्या काढल्या, तिला आता कुणाचाच राग येईना? "मी बघते" म्हणे.

मी मार्लीला म्हटलं, गाडी काढ. तिनं कामावर रजा टाकली आणि मला घेऊन आली. शनिवारी आम्ही तिकडे होतो. तुमच्या ट्रेलरवरून गेलो. दिवा होता. मी थांबवू दिलं नाही.

व्हर्ल आमच्याबरोबर सुळक्याखाली आला. हरणं बघायची त्याची मोठी दुर्बीण आहे, ती त्यानं खालपासून माथ्यापर्यंत फिरवली.

"दिसतंय का काही?" मी विचारलं.

"काही नाही, लारू. अगदी कोरा आहे. ती पोरगी घाबरली होती, काहीबाही बोलली असेल."

"हाड मोडलेली पोरगी खोटं बोलत नाही," मी म्हटलं. "नीट बघ."

त्यानं परत पाहिलं. मग दुर्बीण खाली घेतली आणि हळूच म्हणाला, "ह्या तालुक्यात इतकं साफ काम करणारं एकच माणूस मला ठाऊक आहे."

मार्ली रडायला लागली. मी तिला म्हटलं, "तू का रडतेस? फसले मी."

तुम्ही शपथ घेतली होती, जुन्यातली एकही मेख तिथे नाही म्हणून. शपथ खरी होती. जुन्यातली. किती विचार करून लिहिला असेल तो शब्द! आणि डबा. मी तो उशाशी घेऊन झोपत होते. चर्चमध्ये उभी राहून मी तुमचं नाव घेतलं. त्या बायका अजून मला रस्त्यात थांबवून तुमची विचारपूस करतात.

मला उत्तर हवंय. खरं.

लारू स्टब्ज

•

स्टब्ज रँच
२७ ऑक्टोबर १९९८

लारूताई,

तू मला "तुम्ही" म्हणालीस ते लागलं. मी "तू" म्हणणंच चालू ठेवते, चालत नसेल तर पत्र इथेच फाड.

मीच बसवल्या.

काढायलाच गेले होते. भोकं पाडायचं यंत्र बरोबर घेतलं होतं ते जुनी भोकं साफ करायला. मधल्या टप्प्यावर लटकून काम करत होते तेव्हा खालून आवाज आला. दोन पोरं. ओढ्याच्या बाजूनं कुंपण ओलांडून आलेली. मी ओरडले, "अरे, कुलूप दिसलं नाही? चालते व्हा. ह्या मेखा मी काढतेय, वर आता काही नाही."

त्यातला एक हसला. "काढा की, मावशी. जुन्या पुस्तकात ह्या वाटेचं चित्र आहे. आज नाही तर उद्या चढूच. वर काही नसलं तर एखाद्या दगडाला दोर गुंडाळू आणि उतरू."

ताई, तो माथा तू पाहिलेला नाहीस. तिथे दोर गुंडाळण्यासारखा एकच दगड आहे आणि तो पायानं ढकलला तरी हलतो. त्या पोरांना मी हाकललं. पण त्या रात्री मला बॉइड दिसला नाही, तीच दोघं दिसली. माझ्या जवळ बोल्ट होते. दुसऱ्या दिवशी बसवायला सुरुवात केली.

आणखीही आहे. ती वाट मी पहिल्यांदा चढले तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि माझ्याजवळ ट्रेलर नव्हता, नवरा नव्हता, काही नव्हतं. तेवढी एकच गोष्ट माझी होती. तिच्यावरच्या माझ्या मेखांनी तुझा मुलगा नेला. माझं शेवटचं काम ते असावं हे मला सोसवेना. चांगलं काम करून ठेवायचं होतं. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.

ती मुलगी जिवंत आहे, ताई. एवढं मला म्हणू दे.

जमिनीचे कागद ह्या पाकिटात आहेत. मला त्यावर हक्क नव्हता तेव्हाही.

डॉट

•

पोकाटेलो
१४ नोव्हेंबर १९९८

श्रीमती ब्रॅनिगन,

उत्तर द्यायला वेळ लागला. मध्ये त्या मुलीच्या आईचा फोन आला होता, व्हर्लकडून नंबर घेऊन. ती रडत होती, माझे आभार मानत होती. तिला वाटलं, जमीन माझी म्हणजे ते लोखंडही मीच बसवून घेतलं. मी तिला खरं सांगितलं नाही. "देवाची कृपा," म्हटलं आणि फोन ठेवून न्हाणीघरात जाऊन बसले. तिची मुलगी वाचली याचा मला मनापासून आनंद आहे. तुम्ही मला फसवलंत याचं दुःखही मनापासूनच आहे. एकानं दुसरं पुसलं जाईल असं वाटलं होतं. नाही पुसलं जात.

तुम्ही लिहिता, विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते. म्हणालेच असते. ओरडले असते, ताट आपटलं असतं. मग तुम्हीही ओरडल्या असता, आणि त्या दोन पोरांची गोष्ट सांगितली असती. बावीस वर्षं आपण त्या टेबलाशी हेच करत आलो. पाण्यावरून, गाईवरून, देवावरून. कितीदा तरी शेवटी मीच ऐकलं. ह्या वेळी ऐकलं असतं की नाही, मला माहीत नाही. ते आता कधीच कळणार नाही. ते तुम्ही माझ्याकडून काढून घेतलंत.

आणि एक गोष्ट मला कुणी शिकवावी लागली नाही. जो चढून जातो त्याला त्या कड्या हातानं सापडतात, त्याच्यापासून त्या लपलेल्या नाहीत. मग रंग कुणासाठी लावला? जो खाली उभा राहून वर बघतो त्याच्यासाठी. खाली कोण उभं राहणार होतं, डॉट? मीच ना?

मेखा तुम्ही जीव वाचवायला बसवल्यात, हे मी धरून चालते. रंग मात्र तुम्ही मला लावलात.

आता माझा निर्णय. लोखंड राहू दे. ते काढलं आणि उद्या कुणी मेलं तर मी तुमच्याहून वाईट ठरेन. पण रंग खरवडून काढा. सगळ्या कड्यांवरचा. लोखंड लोखंडासारखं दिसू दे. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसू दे की इथे माणसं चढतात, आणि इथे काहीतरी घडलं.

कागद परत पाठवते आहे. दिलेलं मी मागे घेत नाही.

लारू स्टब्ज

•

स्टब्ज रँच
८ डिसेंबर १९९८

लारूताई,

खरवडला. तारेच्या ब्रशनं, मग काचकागदानं घासून. दगड कोरडा होता, हवा स्वच्छ होती. रंग मी चांगला लावला होता, निघता निघेना. बोटं सोलवटली.

दुपार कलली की माथ्यावरच्या दोन कड्या चमकतात. काल व्हर्लनं ट्रक थांबवून वर पाहिलं. मी कुंपणापाशी होते. त्यानं टोपी काढली, थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. टोपी माझ्यासाठी नव्हती, हे मला कळतं.

तुझ्या घराचे नळ बघते आहे. ते तरी चालेल ना?

डॉट

•

पोकाटेलो
३ मार्च १९९९

श्रीमती ब्रॅनिगन,

नळांबद्दल आभार. आता गरज पडणार नाही. मी एप्रिलमध्ये घरी परत येते आहे. मार्ली नको म्हणते, पण शेजाऱ्याचं गॅरेज मी पुरेसं बघितलं.

गेल्या आठवड्यात व्हर्लच्या बायकोनं फोटो काढून पाठवला. पाहिलं. चमकतं. डोळ्यांना टोचतं, पण खरं आहे, तेव्हा बघवेल.

परत आल्यावर कसं वागायचं ते आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे फाटकाशी उगाच अवघडून उभं राहायला नको. तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात येऊ नका. मी तुमच्या ट्रेलरशी येणार नाही. आजारी पडलात तर व्हर्लकडे निरोप द्या, मी डबा पाठवीन; तेवढं मी कुणासाठीही करते.

आपल्याकडे रस्त्यात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचा हात उचलायची रीत आहे, ओळखीचा असो की अनोळखी. तुमचा ट्रक समोरून आला तर मीही उचलीन. तो तेवढाच समजा. त्याच्यात दुसरं काही शोधू नका.

लारू स्टब्ज